बक्षिसावर नाव कुणाचं?

रायपूरच्या सायन्स कॉलेज मैदानावर नोव्हेंबर 2022 च्या पहिल्या तीन दिवसांत राष्ट्रीय आदिवासी नृत्य महोत्सव झाला. स्पर्धेचे दोन विभाग होते. प्रत्येक विभागात पहिलं बक्षीस 5 लाख, दुसरं 3 लाख आणि तिसरं 2 लाख, म्हणजे सगळी मिळून 20 लाखांची बक्षिसं. वर्तमानपत्राच्या मथळ्यात हा आकडा भरभक्कम दिसतो. पण आदिवासी समूहनृत्याचा संघ चार-पाच जणांचा नसतो. वीस-पंचवीस नाचणारे, वर ढोल-मांदर वाजवणारे. पंचवीस जण धरले तर पहिल्या बक्षिसाचे माणशी 20 हजार होतात आणि तिसऱ्याचे 8 हजार. दंडामी माडियांचा गौर नाच असेल तर अंगावरचा साज बघून घ्यावा. गव्याच्या शिंगांचा मुकुट, त्यावर मोरपिसांचा तुरा, तोंडावर रुळणाऱ्या कवड्यांच्या माळा, गळ्यात आडवा अडकवलेला भला थोरला ढोल. हा साज बाजारात विकत मिळत नाही. घरात जपून ठेवलेला असतो आणि एका पिढीकडून दुसरीकडे जातो. त्याची किंमत या हिशेबात कुठेच धरलेली नाही.

बस्तरमधल्या तरुणाला एकरकमी 20 हजार मिळणं लहान गोष्ट नाही, हे मला मान्य आहे. पण ते मिळाल्यावर पुढच्या महिन्यात काय? शेतीचा हंगाम संपला की तो पोरगा विटांच्या भट्टीवर नाहीतर बांधकामाच्या साइटवर गेला, तर पुढच्या वर्षी त्या संघात ढोल कोण वाजवणार? युवा कलावंतांच्या पुरस्कारांबद्दल बोलायचं तर इथूनच सुरुवात करायला हवी. महोत्सव संपतो, मंडप उतरतो आणि कलावंताचे उरलेले 362 दिवस तिथून सुरू होतात.

आदिवासी महोत्सवाचं बक्षीस सरकारी होतं. पण आता महोत्सव म्हटला की प्रायोजक आलेच, आणि प्रायोजकाला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे ‘युवा प्रतिभा’. म्हाताऱ्या गायकाला शाल देण्यापेक्षा विशीतल्या मुलीच्या हातात चेक दिलेला फोटोत बरा दिसतो. हा प्रसंग आता इतका ठरलेला झालाय की रायपूर काय, नागपूर काय, पुणे काय, डोळे मिटूनही सांगता येईल. मागे फ्लेक्स. सगळ्यात वर मुख्य प्रायोजकाचं नाव, त्याखाली सहप्रायोजक, त्याहून खाली लहान अक्षरांत ‘यांच्या सौजन्याने’. रायपुरात त्या फ्लेक्सवर सळयांची जाहिरात असण्याची शक्यता फार, कारण शहराला लागून सिलतरा-उरल्याचा स्पंज आयर्न आणि पोलादाचा पट्टा आहे. शिवाय बिल्डर, सराफ आणि खासगी विद्यापीठं. समोर टेबलावर अॅक्रिलिकची स्मृतिचिन्हं ओळीने मांडलेली. फोमच्या फळीवर छापलेला दोन हात रुंद चेक. निवेदक आधी प्रायोजकांची सगळी यादी वाचतो, मग परीक्षकांची नावं घेतो आणि अगदी शेवटी विजेत्याचं, तेही बऱ्याचदा चुकीच्या उच्चारासह. फोटोत चेक दोघांनी धरलेला. कोण देतंय आणि कोण घेतंय हे फळीच्या कुठल्या टोकाला कोण उभं आहे त्यावरून ओळखायचं.

या चित्राची नुसती टिंगल करून भागणार नाही. त्यामागे एक कायदा आहे आणि तो कळला की अर्धं कोडं सुटतं.

कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 प्रमाणे, ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. 1 एप्रिल 2014 पासून हे लागू झालं. कोणती कामं चालतील याची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे आणि त्यात वारसा, कला, संस्कृती, पारंपरिक कला आणि हस्तकलांचा विकास हे स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे एखाद्या पोलाद कंपनीने बस्तरच्या ढोकरा म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारागिरांसाठी कार्यशाळा चालवली, किंवा खैरागढच्या कला-संगीत विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती दिली, तर ते या खात्यात बसू शकतं. पण 18 जून 2014 ला कंपनी व्यवहार मंत्रालयाने एक परिपत्रक काढलं. त्यात सांगितलं, की मॅरेथॉन, पुरस्कार, जाहिराती, टीव्ही कार्यक्रमांची प्रायोजकता असे एकवेळचे कार्यक्रम या खर्चात धरता येणार नाहीत. 2021 च्या दुरुस्त नियमांनी तर आपल्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेली प्रायोजकता सरळ बाहेर काढली.

आता बघा काय झालं. जो पैसा कायद्याने समाजासाठी बाजूला ठेवायचाच आहे, तो बक्षिसाकडे येऊच शकत नाही. बक्षिसाकडे येतो तो कंपनीच्या जाहिरात खात्यातला पैसा. आणि जाहिरात खात्यातल्या पैशाला फ्लेक्स लागतो, फोटो लागतो, निवेदकाला तीनदा नाव घ्यावं लागतं. त्यात प्रायोजकाचा दुष्टपणा नाही, त्या पैशाचा तोच धर्म आहे. आयोजकांना हे ठाऊक असतं, पण सामाजिक खात्यातून पैसा आणायचा तर वर्षभराचा आराखडा द्यावा लागतो, खर्चाचा हिशेब द्यावा लागतो, काम झाल्याचं दाखवावं लागतं. बक्षीस समारंभ त्यामानाने एका संध्याकाळी उरकतो.

त्यात आणखी एक मेख आहे. सरकारने दिलेल्या किंवा केंद्र सरकारने मान्य केलेल्या पुरस्काराला प्राप्तिकर माफ असतो. खासगी संस्थेच्या रोख बक्षिसाला ती माफी आपोआप मिळत नाही. फळीवरचा आकडा आणि हाती राहणारा आकडा यांत फरक पडू शकतो, हे विशीतल्या कलावंताला बहुधा कुणी आधी सांगत नाही.

देणाऱ्याचं नाव मंचावरून घेणं ही काही बाजारपेठेने आणलेली नवी खोड नाही. छत्तीसगढच्या नाचात ते पूर्वीपासून आहे. नाचा म्हणजे तिथला रात्रभर चालणारा लोकनाट्याचा खेळ. पुरुषच बाईच्या वेषात ‘परी’ होतात आणि ‘जोक्कड’ हसवतो. प्रेक्षकांतून कुणी हात वर करून नोट दाखवतो, परी नाचत त्याच्याकडे जाते, नोट घेते आणि त्याचं नाव सगळ्यांना ऐकवते. त्याला तिकडे मोंजरा म्हणतात. आपल्याकडे तमाशातली दौलतजादा तीच. फरक एवढाच की मोंजरा देणारा माणूस खेळ बघायला आलेला असे, खेळ आवडला म्हणून खिशात हात घालत असे आणि पहाटेपर्यंत बसून राहत असे. आजचा मुख्य प्रायोजक उद्घाटनाला येतो, दीपप्रज्वलन करतो आणि दुसऱ्या कार्यक्रमाला निघतो.

याच नाचासाठी एका माणसाने घरदार लावलं. दाऊ दुलारसिंह मंदराजी, राजनांदगावजवळच्या रवेली गावचे मालगुजार. 1911 चा जन्म. विशीत येण्याआधीच त्यांनी गावोगावच्या कलावंतांना एकत्र करून रवेली नाच पार्टी उभी केली. तोवर नाचाची साथ चिकारा या तंतुवाद्यावर होत असे. मंदराजींनी पेटी आणली. कलावंतांना बांधून ठेवायचं तर त्यांचं पोट भरायला हवं, हे त्यांना कळत होतं, आणि ते पोट त्यांनी स्वतःच्या शेतीतून भरलं. जमीन विकत गेली, मालगुजारी गेली, 1984 मध्ये मंदराजी गेले तेव्हा हाती फारसं काही नव्हतं. आज छत्तीसगढ सरकारचा लोककलेचा राज्य सन्मान त्यांच्या नावाने दिला जातो. मंदराजींनी स्वतः मात्र कुणाला सन्मान दिला नाही, जेवायला घातलं.

रायगढचा राजा चक्रधरसिंह हा त्याच काळातला, पण ऐपत फार मोठी. गणेशोत्सवात तो मोठा मेळा भरवायचा, देशभरचे गवय्ये-नर्तक यायचे. पण त्याचं खरं काम मेळ्याच्या बाहेरचं. खेड्यांतल्या नाच-गंमत करणाऱ्या पोरांतून त्याने कार्तिकराम, कल्याणदास, फिरतूदास, बर्मनलाल यांच्यासारखी मुलं निवडली, दरबारात ठेवली आणि त्यांना शिकवायला जयपूर घराण्याचे पंडित जयलाल, लखनौचे अच्छन महाराज अशी माणसं आणली. काही वर्षं. एका मेळ्यापुरती नव्हे. त्यातून कथ्थकाचा रायगढ ढंग तयार झाला. राजेशाहीबद्दल मला लोभ नाही. राजाच्या लहरीवर कला जगवणं हा काही उपाय नव्हे, आणि लहर फिरली की कलावंत उघड्यावर येतो हेही इतिहासात भरपूर दिसतं. तरी हुशार मूल दिसलं की त्याला पदक न देता गुरू द्यायचा, ही त्याची अक्कल आजच्या कुठल्याही निवड समितीपेक्षा सरस होती. 1985 पासून रायगढला चक्रधर समारोह होतो. गणेश चतुर्थीला सुरू होतो म्हणून मराठी माणसाला तो जवळचा वाटतो.

मराठी माणसाचं म्हणाल तर रायपूर आपल्याला परकं नाहीच. अठराव्या शतकात हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला, 1956 पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते, आणि तात्यापारा हे शहराच्या जुन्या वस्तीचं नाव अजून त्याची साक्ष देतं. हिंदी पत्रकारितेच्या शिल्पकारांपैकी एक माधवराव सप्रे याच शहरात 1926 मध्ये वारले. चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे, तिथे गणपती होतो, नाटकं होतात, शाळा चालते. आणि इथून पश्चिमेला खैरागढला तर एका मराठी संगीतकाराने विद्यापीठाची घडी बसवली. खैरागढचे राजे वीरेंद्र बहादूर सिंह आणि राणी पद्मावती यांनी आपल्या अकाली गेलेल्या मुलीच्या, इंदिरेच्या, नावाने स्वतःचा राजवाडा देऊन 1956 मध्ये इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय सुरू केलं. त्याचे कुलगुरू म्हणून श्रीकृष्ण नारायण रातंजनकर आले. रातंजनकर स्वतः कसे घडले? भातखंड्यांच्या प्रयत्नाने बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती मिळाली आणि फैयाजखाँसाहेबांकडे वर्षानुवर्षं तालीम झाली. बडोद्याने त्यांना त्या वयात एखादं सुवर्णपदक देऊन घरी पाठवलं असतं, तर पुढची पन्नास वर्षं हिंदुस्थानी संगीताच्या शिक्षणाला काय मिळालं असतं?

आता थोडी उलट बाजू. प्रायोजित पुरस्कार नीट बेतला तर काय करू शकतो, याचं सर्वांत चांगलं उदाहरणही रायपूरच्याच माणसाचं आहे.

हबीब तनवीर 1923 मध्ये रायपुरात जन्मले, नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून पदवी घेतली. 1959 मध्ये त्यांनी नया थिएटर सुरू केलं आणि पुढे छत्तीसगढी नाचाचे कलावंत हाताशी धरले. 1973 मध्ये रायपुरात नाचा कलावंतांची महिनाभराची कार्यशाळा घेतली, त्यातून ‘गाँव का नाम ससुराल, मोर नाम दामाद’ आलं. मग ‘चरणदास चोर’. विजयदान देथांची राजस्थानी गोष्ट, छत्तीसगढी बोली, सतनामींचं पंथी नृत्य. 1982 मध्ये हे नाटक एडिनबरोच्या फ्रिंज महोत्सवात गेलं आणि तिथे त्याला ‘फ्रिंज फर्स्ट’ पुरस्कार मिळाला.

हा पुरस्कार देतं कोण? ‘द स्कॉट्समन’ नावाचं वर्तमानपत्र. म्हणजे हा चक्क एका व्यापारी संस्थेचा, तिच्या नावाने दिला जाणारा पुरस्कार. 1973 मध्ये त्या वर्तमानपत्राच्या कला विभागाने तो सुरू केला. नियम एक ठेवला: नाटक नवं हवं. फ्रिंजवर जुनीच नाटकं पुन्हा पुन्हा यायला लागली होती, त्यावर तो उतारा होता. आणि दुसरी गोष्ट त्याहून हुशारीची. फ्रिंज तीन आठवडे चालतो, आणि हे पुरस्कार शेवटच्या दिवशी एकगठ्ठा वाटत नाहीत; दर आठवड्याला थोडे थोडे जाहीर करतात. त्यामुळे ज्या नाटकाला तो मिळतो त्याचे प्रयोग अजून बाकी असतात. सकाळी पेपरात नाव आलं की संध्याकाळी तिकीटबारीवर रांग लागते. कलावंताला रोख रक्कम न देताही त्याच्या खिशात पैसा जातो, आणि तो प्रेक्षकांकडून जातो. वर्तमानपत्राचं नावही झालं, पण ते नाटकं नीट बघणारं वर्तमानपत्र म्हणून. आपल्याकडच्या महोत्सवात बक्षीस समारंभ शेवटच्या रात्री, मंडपवाला खांब मोजत असताना होतो. त्यानंतर विजेत्याचं नाटक कुणाला बघायचं असलं तरी ते लागलेलं नसतं.

त्या पुरस्काराने नया थिएटरला जगभर दारं उघडली. पण त्या मंडळीतले नट नंतर कसे जगले हेही पाहायला हवं. गोविंदराम निर्मलकर हे त्यातले एक थोर नट. चरणदासाची भूमिकाही त्यांनी केली. त्यांना 2009 मध्ये पद्मश्री मिळाली. अखेरची वर्षं आजारपणात आणि ओढग्रस्तीत गेली, 2014 मध्ये ते गेले. पद्म पुरस्काराबरोबर पैसे मिळत नाहीत, हे अनेक वाचकांना कदाचित माहीत नसेल. पदक आणि सनद मिळते. बस.

तीजनबाईंचं तसं झालं नाही, आणि त्याचं कारण पुरस्कार नाही. भिलाईजवळच्या गनियारी गावची ही पारधी समाजातली मुलगी. तेराव्या वर्षी चंद्रखुरी गावात 10 रुपये बिदागीवर तिने पंडवानीचा, म्हणजे महाभारताच्या कथा गाऊन सांगण्याचा, पहिला कार्यक्रम केला, तोही बायकांनी कधी न गायलेल्या कापालिक शैलीत, उभं राहून, हातातल्या तंबोऱ्याची कधी गदा करत, कधी धनुष्य. समाजाने वाळीत टाकलं. हबीब तनवीरांच्या नजरेला ती पडली. पुढे भिलाई पोलाद कारखान्याने तिला नोकरी दिली. पद्मश्रीपासून 2019 च्या पद्मविभूषणापर्यंत सगळे मान तिला मिळाले, पण त्याआधी दर महिन्याला पगार मिळत होता, कारखान्याचा दवाखाना होता. भिलाईचा कारखाना 1976 पासून छत्तीसगढी लोककला महोत्सवही भरवत आला आहे. त्या महोत्सवातून किती जणांना स्मृतिचिन्हं मिळाली ते आज कुणाला आठवणार नाही. तीजनबाईंना दिलेली नोकरी मात्र सगळ्या देशाच्या कामी आली. सार्वजनिक उद्योगांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या हे आपण कौतुकाने सांगतो. कलावंतांना दिल्या तर त्याला कुणी ‘कोटा’ म्हणून नाक मुरडू नये.

लेखकाचंही असंच आहे. गजानन माधव मुक्तिबोध मराठी घरातले, हिंदीतले मोठे कवी. धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध आपल्याकडचे, मराठीतले कवी. नागपुरात पत्रकारिता, आकाशवाणी असं करत फरपट झाली आणि 1958 मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात प्राध्यापकी मिळाली तेव्हा कुठे जरा बूड टेकलं. त्यांची थोर कविता या स्थैर्याच्या पाच-सहा वर्षांत लिहून झाली. 1964 मध्ये सत्तेचाळिसाव्या वर्षी गेले. पहिला कवितासंग्रह हाती घेऊन बघायचं भाग्यही लाभलं नाही. पुढे मध्य प्रदेश सरकारने त्यांच्या नावाने फेलोशिप सुरू केली. पुरस्कार न देता फेलोशिप दिली हे फार बरं केलं, कारण 1975-76 ची फेलोशिप मिळाली ती रायपूरच्या कृषी महाविद्यालयात शिकवणाऱ्या, तेव्हा चाळिशीच्या आतल्या, विनोदकुमार शुक्लांना. 1979 मध्ये त्यांची ‘नौकर की कमीज़’ प्रसिद्ध झाली. राजनांदगावात जन्मलेल्या या माणसाला पुढे ज्ञानपीठ मिळालं. मला वाटतं, ज्ञानपीठापेक्षा त्या वयातली ती फेलोशिप मोलाची.

केंद्र सरकारच्या दोन योजना शेजारी ठेवल्या की हाच फरक आकड्यांत दिसतो. संगीत नाटक अकादमीचा उस्ताद बिस्मिल्लाखाँ युवा पुरस्कार 2006 मध्ये सुरू झाला. चाळिशीच्या आतल्या कलावंतांना 25 हजार रुपये आणि मानपत्र. नाव मोठं, बातमी होते, परिचयपत्रकात पहिल्या ओळीत येतं. दुसरी योजना संस्कृती मंत्रालयाची युवा कलावंत शिष्यवृत्ती. 18 ते 25 वयोगटातल्या 400 मुलामुलींना दरमहा 5 हजार, दोन वर्षं. एका विद्यार्थ्याला एकूण 1 लाख 20 हजार मिळतात. तिचा समारंभ नाही, फोटो नाही, कुणी अभिनंदनाचा फ्लेक्स लावत नाही. 5 हजारांत आज गुरूची फी आणि प्रवास जेमतेम निघेल, ही रक्कम वाढायला हवी यात वाद नाही. पण त्या वयातल्या मुलाला दोन वर्षं ‘तू शीक’ असं सांगणारं दुसरं कोण आहे?

मराठी मुलखाकडे वळल्यावर मला सर्वांत आधी आठवतो तो पुण्याचा पुरुषोत्तम करंडक. महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेने 1963 मध्ये सुरू केलेली महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा. भरत नाट्य मंदिरात त्या काळात पोरं काय ओरडतात, संघ जिंकल्यावर ढोल-ताशे कसे वाजतात, ते ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको. आकर्षण करंडकाचं, रोकड कोण बघतो! आणि 2022 मध्ये तिथे एक गोष्ट घडली. अंतिम फेरीनंतर परीक्षकांनी सांगून टाकलं की यंदा करंडकाला एकही एकांकिका पात्र नाही. गदारोळ झाला. मुलांची मेहनत, त्यांचं मन, परीक्षकांचा अहंकार, सगळं बोलून झालं. मुलांवर अन्याय झाला की नाही यावर मी मत देत नाही, कारण त्या एकांकिका मी पाहिलेल्या नाहीत. पण असा निर्णय तिथे घेता येतो, ही त्या स्पर्धेची ताकद. मुख्य प्रायोजकाच्या फ्लेक्ससमोर उभं राहून ‘यंदा पुरस्कार कुणालाच नाही’ असं म्हणून दाखवा. चेक आधीच छापलेला असतो, प्रमुख पाहुण्यांचं विमान ठरलेलं असतं. पुरस्कार द्यावाच लागतो. आणि जो द्यावाच लागतो त्याला मिळवणाऱ्यांच्या लेखी हळूहळू किंमत उरत नाही.

चित्रकारांची गोष्ट थोडी वेगळी. बॉम्बे आर्ट सोसायटी 1888 ची. तिच्या वार्षिक प्रदर्शनातल्या सुवर्णपदकाने 1937 मध्ये अमृता शेर-गिलना मुंबईत प्रतिष्ठा दिली. ‘तीन मुली’ हे ते चित्र. चित्रकाराला पदकाचा उपयोग होतो कारण तो चित्र विकतो, आणि पदकाने भाव चढतो. नर्तकाला आणि तबलजीला विकायला काही नसतं. प्रायोजकांतही डोकं वापरणारे आहेत. दांडेकरांच्या कॅम्लिनने 1931 पासून मराठी घराघरात शाई आणि रंग पोचवले. त्यांच्या कॅमल आर्ट फाउंडेशनने विजेत्या तरुण चित्रकारांना युरोपातली कलासंग्रहालयं दाखवायला नेलं. रंग विकणाऱ्याने चित्रकाराला चित्रं दाखवणं, यात जाहिरातही झाली आणि त्या मुलांच्या डोळ्यांना जन्मभराची शिदोरी मिळाली. सय्यद हैदर रझा मंडल्याकडच्या जंगलातून नागपूरच्या कलाशाळेत आणि तिथून मुंबईत आले. 1950 मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले ते त्याच कारणाने मोठे झाले, आणि हे त्यांनी लक्षात ठेवलं. उतारवयात त्यांनी आपल्या कमाईतून रझा फाउंडेशन उभं केलं, जे तरुण कलावंत-लेखकांना हात देतं. ते सांभाळणारे कवी अशोक वाजपेयी जन्माने छत्तीसगढच्या दुर्गचे.

आता आपल्या घरचं. मराठी मंडळांत प्रायोजित पुरस्काराची आपली एक पद्धत आहे, आणि ती कुठल्याही कंपनीच्या आधीची. ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’. आई गेली की मुलगा मंडळाकडे काही रक्कम ठेव म्हणून देतो आणि व्याजातून दर गणेशोत्सवात नाट्यगीत गायनाला किंवा वक्तृत्वाला बक्षीस द्यायचं ठरतं. निगुतीची, घरगुती, सुंदर पद्धत. बृहन्महाराष्ट्रातल्या मंडळांच्या जुन्या अहवालांत अशा ठेवींच्या याद्या पानंच्या पानं असतात. पण व्याजाने त्यांचा घात केला. चाळीस वर्षांपूर्वी 5 हजारांची ठेव ठेवली तर 11 टक्क्यांनी वर्षाला 550 रुपये येत. तेवढ्यात तेव्हा चांगली पेटी दुरुस्त होई, महिनाभराची शिकवणी निघे. आज तीच ठेव साडेसहा टक्क्यांनी 325 रुपये देते. म्हणून मंडळं आता पाच-सहा स्मृतिपुरस्कार एकत्र करून एक स्टीलचा डबा नाहीतर प्लास्टिकचा चषक देतात. मूल घरी येऊन चषक फ्रिजवर ठेवतं. ज्यांच्या स्मरणार्थ तो दिला त्यांचं नाव चषकाच्या तळाशी चिकटवलेल्या चिठ्ठीवर असतं, आणि पहिल्या पावसाळ्यात ती चिठ्ठी गळून पडते.

टिकणारी देणगी कशी असते हे पाहायला रायपूरच्या घासीदास संग्रहालयाच्या आवारात एकदा संध्याकाळी जाऊन बसावं. 1875 मध्ये राजनांदगावचे महंत घासीदास यांनी दिलेल्या पैशातून हे संग्रहालय उभं राहिलं. आजची इमारत 1953 ची. आवारातल्या खुल्या रंगमंचावर कार्यक्रम चालतात आणि ‘गढ कलेवा’ या उपाहारगृहात बचत गटाच्या बायका चीला, फरा, ठेठरी-खुरमी करून देतात. महंतांनी त्या वर्षी एक मोठा सत्कार समारंभ केला असता तर आज त्याची आठवण कुणाला असती?

म्हणून माझं म्हणणं मोठ्या कंपन्यांपेक्षा मंडळांना जास्त आहे, कारण कंपनीला कायदा आणि जाहिरात खातं यांतून वाट काढावी लागते. तुम्हाला तसली अडचण नाही. तुमच्या मंडळाकडे पंधरा-वीस लहान ठेवी पडून असतील तर देणाऱ्यांच्या वारसांना विचारून त्या एकत्र करा. दरवर्षी तीस मुलांना तीस चषक देण्यापेक्षा एक मुलगा किंवा मुलगी निवडा आणि त्यांची दोन वर्षांची शिकवणीची फी थेट गुरूकडे भरा. सगळ्या देणाऱ्यांची नावं त्या शिष्यवृत्तीला द्या, कितीही लांबलचक होऊ दे. एखाद्या वर्षी कुणी लायक वाटलं नाही तर देऊ नका, रक्कम पुढच्या वर्षात ओढा. तुमच्या गावात प्रायोजक असलेला महोत्सव होत असेल तर आयोजकांना दोन गोष्टी विचारा: पुरस्कार महोत्सवाच्या मध्यावर का जाहीर करत नाही, आणि विजेत्याचा पुढचा कार्यक्रम कधी ठेवलाय? आणि घरात, नात्यात 18 ते 25 वयाचं कुणी मनापासून गात, वाजवत, नाचत असेल तर संस्कृती मंत्रालयाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज त्याच्याकडून भरून घ्या. पुढच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर ठेवींचा हा मुद्दा टाका. सभेत तो ‘ऐनवेळचे विषय’मध्ये ढकलू देऊ नका.